गाडी आत्ता कोण चालवतंय?

टायरचा फाटका तुकडा होता. ट्रकच्या टायरची वरची साल निघून लांब काळ्या पट्ट्यासारखी रस्त्यात पडलेली असते ना, तसला, बरोबर माझ्याच लेनमध्ये. क्रूझ १०० वर सेट केलेलं, म्हणजे वेग गाडीच सांभाळत होती, लेन असिस्ट चालू, म्हणजे गाडीला लेनच्या मधोमधही तीच ठेवत होती, हात स्टेअरिंगवर, बाबा शेजारच्या सीटवर. पुढची गाडी त्या तुकड्यावरून तशीच निघून गेली त्यामुळे मला तो दिसला तेव्हा फारसा वेळ नव्हता, आरशात बघितलं, शेजारची लेन मोकळी होती, इंडिकेटर द्यायचं सुचलंच नाही आणि मी स्टेअरिंग फिरवलं. ते फिरेना.

म्हणजे जाम झालं असं नाही, पण पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं लागलं. मी आणखी जोर लावला आणि मग ते एकदम सुटलं, आणि जोर तर माझ्या हातात होताच, त्यामुळे गाडी मला हवी होती त्याच्या दुप्पट बाजूला गेली. सावरली. तुकडा चाकाखाली आला नाही. डॅशबोर्डवर बारीकसा टुंग असा आवाज झाला, स्टेअरिंगचं हिरवं चित्र राखाडी झालं आणि मी मनात म्हटलं, चला, सगळं सुटलं, आता गाडी माझ्या ताब्यात आहे.

सगळं सुटलं नव्हतं.

पुढे एक टँकर ७० च्या आसपास चालला होता आणि गाडी त्याच्यामागे आपोआप मंदावली, मला वाटलं मी पाय उचललाय म्हणून मंदावली. छातीत धडधडत होतं, त्यामुळे बाकी काही बघायच्या मनःस्थितीत मी नव्हते. पंधरा-वीस सेकंदांत आमचा एक्झिट आला. मी बाहेरच्या लेनला लागले, टँकर सरळ गेला, गाडीच्या रडारला समोर मोकळा रस्ता दिसला आणि एक्झिटच्या वळणात, जिथे ४० ची पाटी लावलेली होती, तिथे गाडीने जोर घेतला. माझा पाय कुठल्याच पेडलवर नव्हता. पहिला विचार काय आला माहितीये? अ‍ॅक्सिलरेटर अडकला. क्रूझ चालू असेल हे डोक्यातच आलं नाही कारण माझ्या हिशोबाने ते मघाशीच बंद झालं होतं. बाबा ओरडले, "अगं ब्रेक, ब्रेक!" तेव्हा पाय गेला.

नंतर गाडी कडेला घेऊन आम्ही थोडा वेळ नुसते बसलो. बाबांनी शांतपणे विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" मी म्हटलं, "मीच की." ते म्हणाले, "मग रेस कुणी दिली?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे काही समजलं ते लिहितेय, कारण हे फीचर विकताना चालू कसं करायचं ते सगळे दाखवतात, बंद कसं होतं, किती बंद होतं आणि काय चालूच राहतं हे मला तरी कुणी दाखवलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये असतं. चारशे पानांत विखुरलेलं असतं.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की ही एक सिस्टिम नाहीये. दोन आहेत. एक पायांचं काम करते, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सांभाळणारं. दुसरी हातांचं काम करते, लेनच्या मधोमध गाडी ठेवणारी. दोघींची बटणं कधी एक असतात, कधी वेगळी, पण आतून त्या वेगळ्याच असतात आणि वेगवेगळ्या वेळी सुटतात. एसएई नावाच्या इंजिनिअरांच्या संघटनेने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा ज्या पायऱ्या ठरवल्या त्यातली दोन नंबरची पायरी म्हणजे हेच, हात आणि पाय दोन्हींना मदत, पण रस्त्यावर लक्ष ठेवायचं काम पूर्णपणे ड्रायव्हरचं. आज लोक ज्यांना सेल्फ ड्रायव्हिंग म्हणतात त्या बहुतेक गाड्या या दुसऱ्या पायरीवरच्या आहेत.

आता गंमत म्हणजे हातांचं काम तुम्ही हातात घेतलं तर पायांचं काम सुटेलच असं नाही. माझ्या गाडीत सुटत नाही. मी स्टेअरिंग ओढलं, लेन असिस्ट गेलं, क्रूझ १०० लक्षात ठेवून बसलेलंच होतं. दुसऱ्या काही गाड्यांत स्टेअरिंग ओढलं तर काहीच बंद होत नाही, लेन असिस्ट नुसतं बाजूला सरतं आणि तुम्ही हात सैल केले की परत काम सुरू करतं. ब्रेकचंही तसंच. काही गाड्यांत ब्रेकला पाय लागला की दोन्ही जातात, काहींत क्रूझ जातं आणि लेनचं मात्र चालूच राहतं किंवा थोडं थांबून आपणहून परत येतं. यात कुणाचं चूक कुणाचं बरोबर हा वाद नंतर, पण एक गाडी चालवायची सवय झालेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की त्याचे हातपाय जुन्याच हिशोबाने चालणार, ही भीती मला खरी वाटते.

ब्रेक दाबला की क्रूझ बंद, ही सवय तर फार जुनी आहे. राल्फ टीटर नावाचे अमेरिकन इंजिनिअर होते, लहानपणी अपघातात दृष्टी गेलेले, त्यांनी हे क्रूझ कंट्रोल शोधून काढलं. त्यांचे वकील गाडी चालवता चालवता बोलायचे आणि बोलण्याच्या नादात वेग कमीजास्त व्हायचा, त्या धक्क्यांना वैतागून ही कल्पना सुचली असं सांगतात. १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते पहिल्यांदा आलं आणि तेव्हापासून ब्रेकला हात लावला, म्हणजे पाय लावला, की सुटतं हा नियम चालत आलाय. साठ-पासष्ट वर्षांत हा नियम लोकांच्या अंगात मुरला. त्यामानाने स्टेअरिंग ओढल्यावर काय होतं याचा असा कुठलाही एक नियम अजून अंगात मुरलेला नाही, कारण तो एक नाहीच.

त्या स्टेअरिंगच्या जोराबद्दल मी बरंच वाचलं कारण तो क्षण माझ्या मनातून जाईना. कंपन्या हा उंबरठा मुद्दाम ठेवतात, म्हणजे अमुक एवढा जोर लावल्याशिवाय गाडी समजणार नाही की तुम्हाला खरोखरच ताबा हवाय. न ठेवून चालणारच नाही, नाहीतर कूस बदलताना गुडघा लागला, शिंक आली तरी असिस्ट सुटेल. यूएनचं रेग्युलेशन ७९ आहे, स्टेअरिंगबद्दलचं, त्यात लेनच्या मध्ये ठेवणाऱ्या सिस्टिमला मर्यादा घातलीये की ड्रायव्हरला ती मोडून काढायला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा. ऐकायला काहीच नाही. पण पाच किलोची पिशवी उचलताना ती अचानक रिकामी झाली तर हात कसा वर उडेल तसं होतं ते. वरची मर्यादा आहे, पण सुटताना किती हळू सुटावं, हातात आधीच असलेला जोर कसा जिरवावा, यात गाडीगाडीत फरक पडतो. चांगल्या गाड्यांत तो विरोध हळूहळू मावळतो, हाताला कळतही नाही कधी गेला. माझ्या गाडीत तो तुटतो.

आणि इंडिकेटर! हे मला आधी माहिती असतं तर स्टेअरिंग अडलंच नसतं. इंडिकेटर दिला की बहुतेक गाड्यांत लेन असिस्ट तात्पुरतं हात काढून घेतं, तुम्ही लेन बदलताय हे त्याला समजतं. म्हणजे इंडिकेटर आता नुसता मागच्याला सांगायला नाही, स्वतःच्या गाडीला सांगायलाही आहे. अचानक काही आडवं आलं की इंडिकेटर कोण देणार हे मलाही कळतं, पण रोज साधी लेन बदलताना न चुकता दिला तर बोटं आपोआप जातात. आता माझी जातात.

हात स्टेअरिंगवर आहेत हे गाडीला कसं कळतं याची पण एक भानगड आहे. बऱ्याच गाड्यांत स्पर्श कळतच नाही, स्टेअरिंगवर पडणारा पीळ कळतो, टॉर्क. त्यामुळे तुम्ही शहाण्यासारखे दोन्ही हात अलगद ठेवून सरळ रस्त्यावर जात असाल तर गाडीच्या दृष्टीने तुमचे हात नाहीतच. मग ती ओरडते, हात ठेवा. मग तुम्ही जरासं हलवून दाखवता. थोडं कमी हलवलं तर पुरत नाही, जास्त हलवलं तर असिस्टच सुटतं. रेग्युलेशन ७९ प्रमाणे हात जाणवले नाहीत तर १५ सेकंदांच्या आत डोळ्यांना दिसेल अशी सूचना यायला हवी, ३० सेकंदांपर्यंत लाल चित्र आणि आवाज, आणि आवाज सुरू झाल्यावर आणखी ३० सेकंदांत सिस्टिम स्वतःहून बंद. काही नव्या गाड्यांच्या स्टेअरिंगच्या रिंगमध्ये स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो, तो बराच बरा, नुसता हात ठेवला तरी त्याला कळतो. काही लोक रिंगला वजनं लटकवून गाडीला फसवतात. कृपा करून असं करू नका, आणि कुणी करत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका.

कारण हात असणं आणि लक्ष असणं यात फरक आहेच, पण हातसुद्धा नसतील तर काय होतं त्याची उदाहरणं आहेत. ७ मे २०१६ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या विलिस्टनजवळ ऑटोपायलटवर, म्हणजे टेस्लाच्या अशाच हात-पाय दोन्हींच्या सिस्टिमवर, चाललेली टेस्ला गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकच्या ट्रेलरखाली घुसली. ना गाडीने ब्रेक मारला ना ड्रायव्हरने. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने नोंदी तपासल्या तर ऑटोपायलट ३७ मिनिटं चालू होतं आणि त्या ३७ मिनिटांत हात जाणवले ते एकूण २५ सेकंद. स्टेअरिंगवरचा पीळ मोजून ड्रायव्हरचं लक्ष आहे का ते ठरवणं पुरेसं नाही हे एनटीएसबीने तेव्हाच सांगितलं. माणूस गेला तिथे, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला, ३७ मिनिटांत २५ सेकंद.

अ‍ॅक्सिलरेटरचं काय होतं हे तर मी कितीतरी जणांना विचारलं आणि निम्म्यांनी चुकीचं सांगितलं. क्रूझ चालू असताना तुम्ही रेस दिली, समजा ओव्हरटेक करायला, तर क्रूझ बंद होत नाही. ते थांबून बघत राहतं. तुमचा पाय तिथे आहे तोपर्यंत गाडी तुमचं ऐकते आणि त्या काळात पुढच्या गाडीसाठी क्रूझ स्वतःहून ब्रेक मारत नाही, काही गाड्या तशी सूचना स्क्रीनवर देतात. पाय काढला की परत सेट केलेल्या वेगावर यायला बघतं, आणि तुम्ही पुढच्या गाडीच्या अगदी मागे गेला असाल तर पाय काढल्या काढल्या ब्रेक लागतो, मागच्याला काही कल्पना नसताना. पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवायची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्या. तुम्हाला वाटत असतं गाडी सांभाळतेय, गाडीला वाटत असतं तुम्ही सांभाळताय, आणि पुढे सिग्नल लाल होतो.

इमर्जन्सी ब्रेकिंग ही याहून वेगळी गोष्ट, ते क्रूझ बंद असलं तरी जागं असतं. पण तेही ड्रायव्हरला मोडता येतं, पेडल पूर्ण दाबलं किंवा काही गाड्यांत जोरात स्टेअरिंग वळवलं की ते समजतं की या माणसाला धोका दिसलाय आणि त्याने काहीतरी ठरवलंय. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

रिझ्यूम बटण. हायवेवर १०० सेट केलं, ब्रेकने सोडलं, ६० च्या रस्त्याला लागलात आणि सवयीने रिझ्यूम दाबलं तर गाडीला ते १०० च आठवतं. मी आता रिझ्यूम दाबतच नाही, नव्याने सेट करते. आणि ट्रॅफिकमध्ये गाडी पूर्ण थांबलेली असताना क्रूझ कॅन्सल करायचं असेल तर आधी ब्रेकवर पाय ठेवायचा, नाहीतर काही ऑटोमॅटिक गाड्यांत क्रूझने धरून ठेवलेला ब्रेक सुटतो आणि गाडी हळूच पुढे सरकायला लागते.

हे झालं आपण बंद करण्याबद्दल. गाडी स्वतःहून सोडते ते आणखी अवघड. रेषा पुसट झाल्या, ऊन समोरून कॅमेऱ्यात आलं, पाऊस आला, वळण तिच्या कुवतीपेक्षा जास्त निघालं, की लेन असिस्ट सोडतं. कधी आवाज करून, कधी नुसतं चित्राचा रंग बदलून. आणि जिथे ते सोडतं तिथे रस्ता अवघडच असतो, सोपा असता तर सोडलं कशाला असतं. म्हणजे जे काम मशीनला झेपलं नाही ते, तयारी नसताना, मधूनच, माणसाच्या हातात येतं. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखान्यातल्या ऑटोमेशनबद्दल हेच लिहून ठेवलंय, की सोपं काम मशीन करत राहिलं की माणसाची सवय मोडते आणि त्याला बोलावलं जातं ते नेमकं सगळ्यात कठीण वेळी. चाळीस वर्षं झाली.

माणूस परत ताबा घेतो म्हणजे किती वेळात? साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सिम्युलेटरमध्ये २६ ड्रायव्हरांवर केलेला २०१७ मधला अभ्यास आहे, घाईची वेळ नसताना गाडीने ताबा घ्या म्हटलं तर कुणी १.९ सेकंदांत घेतला आणि कुणाला २५.७ सेकंद लागले. सरासरीपेक्षा मला हे अंतरच जास्त घाबरवतं. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे २५ सेकंदांत ७०० मीटर. आणि ताबा घेतला म्हणजे झालं असंही नाही. लीड्स विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की ऑटोमेशन सुटल्यावर स्टेअरिंग नीट स्थिर व्हायला ड्रायव्हरांना ३५ ते ४० सेकंद लागतात. मी ते वाचून परत माझ्या एक्झिटकडे गेले मनाने. पंधरा-वीस सेकंद. मी त्या वेळी हातांनी गाडी चालवत होते पण अजून पूर्ण परत आलेच नव्हते.

यातच आणखी एक गोष्ट येते, अपघाताची नोंद कशी करायची. सिस्टिम टक्कर व्हायच्या आधी सुटली तर अपघात कुणाच्या खात्यात? अमेरिकेच्या एनएचटीएसएने, म्हणजे तिथल्या रस्ते सुरक्षेच्या सरकारी खात्याने, जून २०२१ मध्ये कंपन्यांना आदेश काढला की टक्कर होण्याआधीच्या ३० सेकंदांत कधीही सिस्टिम चालू असेल तर तसा गंभीर अपघात कळवायचा. आणि पुढच्या वर्षी टेस्लाच्या तपासात, थांबलेल्या इमर्जन्सी गाड्यांना धडकण्याचे जे १६ अपघात त्यांनी तपासले, त्यात ऑटोपायलटने ताबा सोडला तो सरासरी टक्कर होण्याच्या आधी १ सेकंदसुद्धा नाही. एक सेकंद आधी सोडणं याला ताबा देणं म्हणता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून ते ३० सेकंदांचं मोजमाप मला योग्य वाटतं.

तीन नंबरच्या पायरीवरच्या गाड्यांत, म्हणजे जिथे ठरावीक परिस्थितीत रस्त्यावर लक्षही गाडीच ठेवते, निदान हे कागदावर तरी विचारपूर्वक मांडलंय. यूएनचं रेग्युलेशन १५७, जे जानेवारी २०२१ मध्ये लागू झालं, त्यात गाडीने ताबा घ्या म्हटल्यावर ड्रायव्हरने प्रतिसाद दिला नाही तर किमान १० सेकंद वाट बघून मग गाडी स्वतःच सुरक्षितपणे थांबायला लागते, गंभीर बिघाड वगैरे असेल तर आधी. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की नुसता ब्रेक दाबला, हात स्टेअरिंगवर नाहीत, तर सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. ब्रेक लागतो, पण स्टेअरिंग गाडी सोडत नाही. हात स्टेअरिंगवर असतील आणि मग ब्रेक दाबला तरच सगळं सुटतं. म्हणजे कुणाच्या हातात नसलेलं स्टेअरिंग असा क्षणच येऊ द्यायचा नाही. माझ्या गाडीच्या पेडलांनाही कुणी असाच विचार लावला असता तर बरं झालं असतं.

विमानवाले यातून खूप आधी गेलेत. डिसेंबर १९७२ मध्ये ईस्टर्न या अमेरिकन विमान कंपनीचं ४०१ नंबरचं विमान मायामीजवळ दलदलीत कोसळलं. कॉकपिटमध्ये सगळे एका दिव्याच्या बल्बमागे लागले होते, उंची धरून ठेवायचं काम ऑटोपायलट करत होता आणि कुणाचा तरी जोर कंट्रोल कॉलमवर पडला, तेवढ्याने उंचीचा भाग सुटला, बाकीचा ऑटोपायलट चालू राहिला. अर्धं सुटलं. खाली उतरत असल्याची एक बारीकशी घंटी वाजली, ती कुणाला कळली नाही. शंभरएक माणसं गेली. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या डॅशबोर्डचा तो टुंग आवाज आठवला आणि अंगावर काटा आला.

तर मग आम्ही काय केलं. मी आणि बाबा एका रविवारी पहाटे रुंद, सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. मी चालवणार, बाबा डॅशबोर्ड वाचून मोठ्याने सांगणार. एकेक गोष्ट वेगळी. स्टेअरिंग ओढलं, इंडिकेटर न देता. बाबा म्हणाले, "स्टेअरिंगचं चित्र गेलं, क्रूझचा आकडा तसाच आहे." इंडिकेटर देऊन वळवलं, चित्र पांढरं झालं, हाताला काहीही लागलं नाही, लेन बदलून झाल्यावर पुन्हा हिरवं. ब्रेकला पाय टेकवला, दोन्ही गेलं. रेस दिली, काही गेलं नाही, आकडा तसाच. पाय काढला, गाडी मागे ओढल्यासारखी झाली. कॅन्सल बटण दाबलं, क्रूझ गेलं आणि, हे मला अजिबात माहिती नव्हतं, लेनचंही गेलं. म्हणजे माझ्या अंगठ्याखाली सगळं एकदम सोडणारं बटण होतं आणि मी वर्षभर ते फक्त वेगाचं समजत होते.

मग स्टेअरिंगवर चार-पाच वेळा मुद्दाम जोर लावून बघितला, हळूहळू वाढवत, तो तुटतो कुठे ते हाताला कळेपर्यंत. आता कळतं. आता मी ओढत नाही, आधी अंगठा कॅन्सलवर जातो नाहीतर पाय ब्रेकवर, मग हात. वेळच नसेल तर ओढते, पण ओढल्यावर लगेच पाय ब्रेकला टेकवते.

बाबांना चालवायला दिली तेव्हा वेगळंच निघालं. त्यांची पकड घट्ट, आयुष्यभर पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या चालवलेला माणूस, ते सतत थोडंसं आपल्याकडे ओढूनच असतात. त्यामुळे लेन असिस्ट सारखं सुटायचं, परत लागायचं, सुटायचं. पंधरा मिनिटांत सात-आठ वेळा. आणि त्यांना आत्ता चालू आहे का बंद हे एकदाही खात्रीने सांगता आलं नाही. बाबांनी ठरवलं, मला लेनचं नकोच, फक्त क्रूझ. मला तो निर्णय एकदम पटला. न वापरणं हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, जे तुमच्या हाताला जुळत नाही ते सेटिंगमध्ये जाऊन कायमचं बंद करून ठेवा.

कंपन्यांनी काय करावं याबद्दल मला दोनच गोष्टी म्हणायच्यात. अर्धं सुटलं तर त्याचा आवाज वेगळा हवा आणि मोठा हवा. चित्राचा रंग हिरव्याचा राखाडी होणं पुरत नाही, रस्ता सोडून तिकडे बघायचं कसं. अमेरिकेतल्या जीएम कंपनीने २०१७ मध्ये आपल्या कॅडिलॅक गाडीला सुपर क्रूझ नावाची अशीच सिस्टिम दिली तेव्हा स्टेअरिंगच्या रिंगवरच दिव्याची पट्टी दिली, गाडी चालवतेय तेव्हा हिरवी, तुम्ही स्टेअरिंग हातात घेतलंत की निळी, ताबा घ्या म्हणायचं असेल तर लाल. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं. हे सगळ्यांना का जमू नये? आणि दुसरं, ड्रायव्हरने थोडं स्टेअरिंग हलवलं म्हणून त्याला शिक्षा केल्यासारखं सगळं सोडून देऊ नका, त्याच्याबरोबर चाला. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ते सुरक्षा संस्थेने मार्च २०२४ मध्ये १४ सिस्टिम तपासल्या, ड्रायव्हरला जागं ठेवायची काय व्यवस्था आहे हे बघायला, त्यात ११ ना सगळ्यात खालचा शेरा मिळाला आणि बरा म्हणावा असा एकीलाच. लेन सांभाळणाऱ्या सिस्टिमने ड्रायव्हरला स्टेअरिंग फिरवण्यापासून परावृत्त करू नये, हाही त्यांच्या तपासणीतला एक मुद्दा होता.

आमच्या दोघांत आता बोलायची एक पद्धत पडलीये. काही बदललं की शेजारी बसलेल्याने मोठ्याने सांगायचं. मागच्या आठवड्यात परत हायवेवर होतो, मी चालवत होते, पाऊस आला, आधी भुरभुर मग जोरात, रेषा पाण्याखाली दिसेनाशा झाल्या आणि तो बारीक टुंग झाला. बाबा डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपलेत.

"हात तुझे," ते म्हणाले. "पाय गाडीचे."

मी अंगठ्याने कॅन्सल दाबलं. त्यांनी डोळे उघडून आकडा गेलाय का ते बघितलं. "आता पायही तुझे," म्हणाले, आणि मी हळूच ८० वरून ६० वर आले.